मर्यादित अंकांचे गणित : सी भाषेतील पदावली आणि संख्याप्रकार

प्रस्तावना

सरळव्याज काढण्यासाठी मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून त्याला शंभराने भागावे, हे सूत्र शालेय गणितातून सर्वांच्या परिचयाचे झालेले असते. तसेच आधी दराला शंभराने भागून मग मुद्दलाने गुणले तरी उत्तर तेच येते, हेही सर्वांनी गृहीत धरलेले असते. सी भाषेत मात्र पन्नास हजार रुपयांवर दरसाल दर शेकडा आठ दराने एका वर्षाचे व्याज ५०००० * ८ / १०० असे मांडल्यास ४००० येते आणि ८ / १०० * ५०००० असे मांडल्यास शून्य येते. यांपैकी कोणत्याही उत्तरात यंत्राची चूक नसते, कंपाइलरचीही नसते. दोन्ही उत्तरे सी भाषेच्या नियमांनुसार बिनचूक असतात. आठ आणि शंभर या दोन पूर्णांकांचा भागाकार सी भाषेत पूर्णांकच असतो, म्हणून तो शून्य येतो, आणि शून्याला पुढे कितीही मोठ्या मुद्दलाने गुणले तरी व्याज मिळत नाही.

या एका उदाहरणात प्रस्तुत विषयाचे मर्म सामावलेले आहे. सी भाषेत पदावलीचा, म्हणजे संख्या, चल आणि क्रियाचिन्हे यांच्या जुळणीचा, अर्थ एकदम ठरत नाही. तो एकेका क्रियेगणिक ठरत जातो, आणि प्रत्येक क्रिया कशी व्हावी हे तिच्या दोन्ही बाजूंच्या पदांचे प्रकार ठरवतात. त्या क्रियेचे उत्तर पुढे कोठे साठवले जाणार आहे, त्याचा उपयोग कशासाठी होणार आहे किंवा लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, यांपैकी कशाचाही त्या क्रियेवर परिणाम होत नाही. हा एक नियम पक्का झाला, की सी भाषेतील अंकगणिताचे बहुतेक चमत्कारिक वाटणारे वर्तन त्यातून उलगडत जाते; तो पक्का झाला नाही, तर त्याच वर्तनाचे अपवाद म्हणून पाठांतर करावे लागते.

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि संगणकशास्त्राचे पदवीवर्ग येथे असंख्य विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख सी भाषेतूनच झालेली आहे. तरीही संख्याप्रकारांचा विषय सहसा एका तक्त्यात उरकला जातो: प्रकाराचे नाव, त्याला लागणारे बाइट, त्याची किमान व कमाल मर्यादा, आणि परीक्षेपुरते पाठांतर. हा तक्ता असा का आहे, तो सर्व यंत्रांवर सारखा का नाही आणि त्यातील मर्यादा ओलांडल्यावर नेमके काय घडते, हे प्रश्न त्यात बाजूला पडतात. या प्रस्तावनेत त्या प्रश्नांची पार्श्वभूमी मांडली आहे. येथे भाषेतील राखीव शब्द देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात.

संख्याप्रकार ही कल्पना सी भाषेच्या जन्मकथेतच गुंतलेली आहे. सी भाषेच्या आधी केन थॉम्पसन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बी नावाची भाषा तयार केली होती आणि ती मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेवर आधारलेली होती. या दोन्ही भाषांत प्रकार नव्हते. यंत्राचा एक शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढा बिटांचा गट, हेच एकमेव मूल्य होते. तो गट संख्या मानायचा, अक्षर मानायचा की स्मृतीतील पत्ता मानायचा, हे त्यावर केलेल्या क्रियेवरून ठरे. पीडीपी-७ या अठरा बिटांच्या यंत्रावर ही व्यवस्था खपून गेली. पुढे प्रयोगशाळेत पीडीपी-११ हे यंत्र आले आणि अडचणी उभ्या राहिल्या. या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, त्यामुळे एका बाइटचे अक्षर आणि दोन बाइटांचा शब्द यांत भेद करणे भाग पडले. शिवाय दशांश अपूर्णांकांची गणिते करणारे यंत्रभाग त्यासाठी उपलब्ध होणार होते आणि तसली संख्या सोळा बिटांच्या एका शब्दात मावणे शक्य नव्हते. डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात बी भाषेत प्रकारांची भर घालून जी भाषा घडवली, ती सी. म्हणजे सी भाषेतील प्रकार हे गणितातील संख्यासंचांची वर्गवारी करावी या हेतूने आलेले नाहीत. विशिष्ट यंत्रावर कोणत्या मूल्याला किती जागा द्यायची आणि त्यावर कोणती यंत्रसूचना चालवायची, या व्यावहारिक गरजेतून ते आले. म्हणूनच सी भाषेतील इंट हा प्रकार गणितातील पूर्णांकांच्या अनंत संचाचा प्रतिनिधी ठरत नाही. तो त्यातील एक मर्यादित पट्टा तेवढा आहे.

हा पट्टा केवढा असावा, हे भाषेने नेमके सांगितलेले नाही. अमेरिकेत १९८९ साली मान्य झालेल्या आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय झालेल्या प्रमाणकाने फक्त किमान मर्यादा घालून दिल्या: शॉर्ट आणि इंट किमान १६ बिटांचे, लाँग किमान ३२ बिटांचा, १९९९ च्या सुधारणेत लाँग लाँग हा किमान ६४ बिटांचा प्रकार आला. त्यापुढचा निर्णय त्या त्या यंत्रावरील कंपाइलरवर सोपवण्यात आला, कारण यंत्राला सहज पेलेल तोच आकार इंटला द्यावा, म्हणजे गणिते वेगाने होतील, असा त्यामागचा विचार होता. या मोकळिकीचा परिणाम भारतीय महाविद्यालयांनी जवळून अनुभवला आहे. डॉस प्रणालीवर चालणाऱ्या टर्बो सी या कंपाइलरमध्ये इंट सोळा बिटांचा होता, त्यामुळे त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ होती. ३०० * २०० ही साधी आकडेमोड तेथे ६०,००० ऐवजी उणे ५,५३६ दाखवी, कारण ६०,००० मधून ६५,५३६ वजा केल्यावर उरणारी संख्या तीच आहे. तोच प्रोग्राम आजच्या संगणकावर ६०,००० हे उत्तर देतो, कारण तेथे इंट बहुधा ३२ बिटांचा असतो. लाँगच्या बाबतीत तर आजही एकवाक्यता नाही. ६४ बिटी लिनक्सवर तो आठ बाइटांचा असतो आणि ६४ बिटी विंडोजवर चार बाइटांचा. ज्या प्रोग्राममध्ये आकार नेमका ठाऊक असणे आवश्यक असते, त्यासाठी १९९९ च्या प्रमाणकाने इंट३२_टी, इंट६४_टी अशी आकार नावातच सांगणारी नावे उपलब्ध करून दिली.

उणे संख्या बिटांत कशी मांडायची, हाही प्रश्न बराच काळ खुला होता. चिन्हासाठी एक बिट वेगळा ठेवणे, सर्व बिट उलटवणे आणि सर्व बिट उलटवून त्यात एक मिळवणे अशा तीन पद्धती प्रमाणकाला मान्य होत्या. यांतील तिसरी पद्धत टूज कॉम्प्लिमेंट या नावाने ओळखली जाते. तिच्यात बेरीज आणि वजाबाकी एकाच मंडलाने करता येते आणि शून्याचे रूप एकच राहते. बहुतेक सर्व यंत्रे हीच पद्धत वापरू लागली होती, तरी सी२३ या ताज्या प्रमाणकाने ती सक्तीची करेपर्यंत अर्धे शतक लोटले. या पद्धतीत ३२ बिटांचा इंट उणे २,१४,७४,८३,६४८ पासून अधिक २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. उण्या बाजूला एक संख्या अधिक असते, आणि म्हणूनच सर्वांत लहान उणे संख्येचे चिन्ह बदलून मिळणारी संख्या त्याच प्रकारात मावत नाही.

उत्तर पट्ट्याबाहेर गेले, की त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. येथे सी भाषेने चिन्हरहित आणि चिन्हसहित प्रकारांना वेगवेगळा न्याय लावला आहे. अनसाइन्ड, म्हणजे ज्यात उणे संख्या नाहीत अशा प्रकारात, गणित गाडीच्या किलोमीटर-मीटरसारखे चालते: सर्व घरे नवांनी भरली की पुढच्या किलोमीटरला मीटर पुन्हा शून्यावर येतो, तसेच येथे कमाल संख्येत एक मिळवल्यास शून्य येते, आणि हे वर्तन प्रमाणकानेच निश्चित केलेले आहे. चिन्हसहित प्रकारात मात्र ओव्हरफ्लो झाल्यास काय व्हावे, हे प्रमाणकाने मुद्दाम सांगितलेले नाही. अशा वर्तनाला अनिर्धारित वर्तन म्हणतात. टर्बो सीमधील उणे ५,५३६ हे त्याचे एक सौम्य रूप झाले. आधुनिक कंपाइलर याहून पुढे जातात. ओव्हरफ्लो कधी होणारच नाही, असे गृहीत धरण्याची मुभा त्यांना असते, म्हणून एखाद्या इंट चलात एक मिळवल्यावर तो आधीपेक्षा मोठा झाला का, अशी तपासणी लिहिली असल्यास तिचे उत्तर नेहमीच होकारार्थी आहे असे मानून कंपाइलर ती तपासणी काढूनही टाकू शकतो. ओव्हरफ्लो घडून गेल्यावर तो ओळखू पाहणारी युक्ती म्हणूनच भरवशाची नसते. क्रिया करण्याआधीच तिचे उत्तर मर्यादेत मावेल की नाही, हे दोन्ही पदांवरून पाहावे लागते.

या मर्यादांचे परिणाम कागदोपत्री उरत नाहीत. युनिक्स परंपरेतील प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांच्या संख्येने काळ मोजतात. ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हसहित प्रकारात ठेवली असेल, तर तिची कमाल मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाते आणि त्यापुढच्या सेकंदाला असे घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोहोचते. ६४ बिटी प्रणालींनी ही अडचण दूर केली असली, तरी जुनी यंत्रे आणि जुन्या नोंदींचे साचे यांच्या बाबतीत ती शिल्लक आहे. याच जातीचा दुसरा दोष २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी उघड केला. क्रमवार यादीत शोध घेताना मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांच्या स्थानांची बेरीज करून तिला दोनाने भागणे, ही रीत पाठ्यपुस्तकांत रूढ होती आणि जावा भाषेच्या प्रमाणित संग्रहातही तीच वापरलेली होती. परंतु यादी फार मोठी असल्यास ती बेरीजच मर्यादेबाहेर जाते. दोन्ही टोके पट्ट्यात असतात, त्यांची सरासरीही पट्ट्यात असते, फक्त मधल्या पायरीवरील बेरीज मावत नाही. खालच्या टोकात दोन टोकांमधील अंतराच्या निम्मे मिळवले, तर गणितदृष्ट्या तेच असलेले सूत्र यंत्रदृष्ट्या सुरक्षित होते.

पदावलीत क्रियांचा क्रम कसा लागतो, हे समजण्यासाठी मराठी विद्यार्थ्याजवळ कंचेभागुबेव हे सूत्र आधीच असते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सी भाषेचा क्रम याच्याशी बराचसा जुळतो, पण एका जागी तो वेगळा आहे आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे. सी भाषेत गुणाकार, भागाकार आणि बाकी काढणारे % हे चिन्ह यांचा अग्रक्रम समान असतो आणि ती डावीकडून उजवीकडे सोडवली जातात. बेरीज व वजाबाकी यांचेही तसेच. शालेय गणितात ७ × ३ ÷ २ यात भागाकार आधी केला काय किंवा गुणाकार आधी केला काय, उत्तर साडेदहाच येते, त्यामुळे सूत्रातील क्रमाने बिघडत काही नाही. सी भाषेत ७ * ३ / २ याचे उत्तर १० येते आणि ७ * (३ / २) याचे ७ येते. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्ण भाग गळत असल्यामुळे, तो भागाकार किती लवकर केला यावर किती गळेल हे अवलंबून राहते. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या ग्रंथाच्या १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतील फॅरनहाइटचे सेल्सिअस करणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणात पाचाने आधी गुणून नवाने नंतर भागले आहे, ते याच कारणाने.

कंसांचा इतिहासही येथे नोंदवण्याजोगा आहे. सी भाषेच्या मूळ व्याख्येत बेरीज आणि गुणाकार यांसारख्या क्रियांची पदे कंस घातलेले असतानाही स्वतःच्या सोयीने पुन्हा जुळवून घेण्याची कंपाइलरला मुभा होती. शुद्ध गणितात ही मुभा निरुपद्रवी असते. मर्यादित अंकांच्या गणितात ती उत्तर बदलू शकते, म्हणून १९८९ च्या प्रमाणकाने ती काढून घेतली आणि कंसांना त्यांचा पूर्ण मान मिळाला. मात्र क्रिया कोणत्या पदांवर लागू होईल हे ठरवणारा अग्रक्रम आणि ती पदे कोणत्या क्रमाने मोजली जातील हे वेगळे प्रश्न आहेत. दोन फलनांच्या उत्तरांची बेरीज लिहिली असता आधी डावे फलन चालेल की उजवे, हे भाषेने ठरवलेले नाही, आणि एकाच पदावलीत एकच चल दोनदा बदलल्यास बहुधा वर्तन अनिर्धारित ठरते. परीक्षांतून आवडीने विचारल्या जाणाऱ्या, एकाच ओळीत चार वेळा ++ हे वाढणी-चिन्ह वापरणाऱ्या प्रश्नांना प्रमाणकानुसार उत्तरच नसते.

भागाकाराची आणखी एक बाजू उणे संख्यांच्या वेळी दिसते. उणे साताला दोनाने भागल्यास गणिती उत्तर उणे साडेतीन. त्याचा पूर्णांक करताना शून्याकडे सरकून उणे तीन घ्यावे की खाली सरकून उणे चार, हे १९८९ च्या प्रमाणकाने कंपाइलरवर सोपवले होते. १९९९ पासून शून्याकडे सरकणे सक्तीचे झाले. भागाकाराला भाजकाने गुणून त्यात बाकी मिळवली की भाज्य परत मिळाला पाहिजे, ही अट भाषेने पाळली असल्यामुळे -७ % २ याचे उत्तर उणे एक येते. याचा परिणाम असा, की एखादी संख्या विषम आहे का हे पाहण्यासाठी दोनाने भागून बाकी एक उरते का अशी तपासणी लिहिली, तर उणे विषम संख्या त्या तपासणीतून निसटतात. बाकी शून्य नाही ना, असे विचारणे हाच सुरक्षित मार्ग. पायथॉन भाषेने खाली सरकण्याचा मार्ग निवडला असल्यामुळे तीच पदे तेथे उणे चार आणि बाकी अधिक एक देतात. दोन्ही व्यवस्था सुसंगतच आहेत. एका भाषेची सवय दुसऱ्या भाषेत नेली, की चूक होते.

एका क्रियेची दोन पदे वेगवेगळ्या प्रकारांची असतील, तर क्रिया करण्यापूर्वी त्यांना एका प्रकारात आणावे लागते. त्याचे नियम थोडक्यात असे: इंटपेक्षा लहान प्रकार आधी इंटमध्ये नेले जातात, एक पद दशांश प्रकाराचे असेल, तर दुसरेही तसे केले जाते, दोन्ही पूर्णांक असतील, तर मोठा प्रकार स्वीकारला जातो, आणि आकार समान असून एक पद चिन्हरहित असेल, तर दुसरेही चिन्हरहित मानले जाते. यातील शेवटच्या नियमाने अनुभवी प्रोग्रामरांनाही चकवले आहे. उणे एक ही इंट संख्या आणि एक ही अनसाइन्ड संख्या यांची तुलना केली, तर उणे एकाचे रूपांतर ४,२९,४९,६७,२९५ मध्ये होते आणि उणे एक हा एकापेक्षा मोठा ठरतो. उलट मोजत शून्यापर्यंत येणाऱ्या आवर्तनात मोजणीचा चल अनसाइन्ड ठेवला आणि तो शून्य किंवा अधिक असेपर्यंत चालावे अशी अट घातली, तर ते आवर्तन कधी थांबतच नाही, कारण तो चल शून्याखाली जाऊच शकत नाही.

उत्तर साठवतानाचे रूपांतर ही यापुढची, स्वतंत्र पायरी आहे. सरासरी ठेवण्यासाठी डबल या दशांश प्रकाराचा चल घेतला आणि त्यात ७ / २ साठवले, तर त्यात साडेतीन येत नाहीत, तीन येतात. भागाकार आधीच पूर्णांकांत होऊन गेलेला असतो आणि नंतर मिळालेली ऐसपैस जागा गळलेला अर्धा परत आणू शकत नाही. ७.० / २ असे लिहिले किंवा भागाकारापूर्वी एका पदाचा प्रकार बदलला, म्हणजे त्यावर कास्ट केला, तरच साडेतीन मिळतात. संपूर्ण भागाकाराला कंस घालून मग कास्ट करणे हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रमाद याच नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने घडतो. उलट दिशेने, मोठे मूल्य लहान जागेत ठेवताना वरचे बिट गळतात: आठ बिटांच्या दोन चिन्हरहित चलांतील २०० आणि १०० यांची बेरीज इंटमध्ये होत असल्यामुळे ३०० अशी बरोबर येते, पण ती पुन्हा आठ बिटांच्या चलात ठेवली, की ४४ उरतात.

हा आठ बिटांचा प्रकार म्हणजे कॅर, कॅरेक्टर या शब्दाचे लघुरूप. नाव अक्षराचे असले, तरी तो पूर्णांकाचाच प्रकार आहे, म्हणून त्यावर बेरीज-वजाबाकी करता येते. अंक म्हणून टाइप केलेल्या चिन्हाच्या संकेतांकातून शून्याच्या चिन्हाचा संकेतांक वजा केला, की त्या अंकाचे मूल्य मिळते, आणि शून्य ते नऊ या आंतरराष्ट्रीय अंकचिन्हांचे संकेतांक सलग असतील, ही हमी प्रमाणकाने दिलेली आहे. कॅर चिन्हसहित की चिन्हरहित, हे मात्र कंपाइलरवर अवलंबून असते. तसेच देवनागरीतील एक व्यंजन यूटीएफ-८ संकेतपद्धतीत तीन बाइट घेते, त्यामुळे एक कॅर म्हणजे एक अक्षर हा समज मराठी मजकुरापुरता सोडूनच द्यावा लागतो.

दशांश अपूर्णांकांसाठी फ्लोट आणि डबल हे प्रकार येतात. यांत संख्या वैज्ञानिक लेखनपद्धतीप्रमाणे ठेवलेली असते: काही बिट सार्थ अंकांसाठी आणि काही बिट बिंदूचे स्थान सांगणाऱ्या घातांकासाठी. विल्यम काहन यांचा ज्यात मोठा वाटा होता, त्या १९८५ सालच्या आयट्रिपलई ७५४ या प्रमाणकानुसार फ्लोटमध्ये २४ आणि डबलमध्ये ५३ सार्थ बिट असतात. दशमान पद्धतीत ते अनुक्रमे सुमारे सात आणि सुमारे सोळा अंक भरतात. सार्थ अंक ठरावीक असल्यामुळे संख्या जितकी मोठी, तितके तिच्या शेजारच्या दोन मूल्यांतील अंतर मोठे. फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक मावतात, त्याच्या पुढचा पूर्णांक मावत नाही. डबलमध्ये हीच सीमा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ इतकी लांब आहे, पण सीमा आहेच.

याहून खोल अडचण द्विमान पद्धतीची आहे. दशमान पद्धतीत एकतृतीयांश जसा ०.३३३ असा न संपता चालत राहतो, तसा द्विमान पद्धतीत एकदशांश न संपणारा ठरतो, म्हणून ०.१ ही संख्या फ्लोट किंवा डबलमध्ये अचूक ठेवताच येत नाही. तिच्या सर्वांत जवळचे मूल्य ठेवले जाते, परिणामी ०.१ + ०.२ ही डबलमधील बेरीज ०.३ च्या बरोबर येत नाही, आणि फ्लोट चलात ०.१ ठेवून त्याची ०.१ शी तुलना केली, तर ती दोन मूल्ये असमान निघतात, कारण लिहिलेली ०.१ ही डबल असते आणि दोघांची अंदाजी मूल्ये वेगळी असतात. बेरजेचा साहचर्य नियमही येथे टिकत नाही: डबलमध्ये दहाच्या सोळाव्या घातात एक मिळवून मग तोच घात वजा केला, तर शून्य उरते, आधी वजा करून मग एक मिळवला, तर एक उरतो.

ही सूक्ष्म चूक साचत गेल्यास काय होते, याचे दारुण उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे घडले. तेथील पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा काळ एकदशांश सेकंदात मोजत असे आणि त्याचे सेकंद करण्यासाठी २४ बिटांत कापून ठेवलेल्या एकदशांशाने गुणत असे. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिल्याने ही चूक साचत जाऊन एकतृतीयांश सेकंदाच्या आसपास गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. येणारे क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, त्यामागे ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या चिन्हसहित पूर्णांकात केलेले रूपांतर होते. तो प्रोग्राम एडा भाषेत होता आणि त्या भाषेने चूक ओळखून सूचना तरी दिली, जी हाताळली गेली नाही; सी भाषेत असे न मावणारे रूपांतर अनिर्धारित वर्तनात मोडते आणि सूचनेचीही हमी नसते.

रोजच्या व्यवहारातील सर्वांत मोठा धडा पैशांच्या हिशेबाचा आहे. रुपये दशांशात ठेवून फ्लोट वापरला, तर दोन कोटींच्या आसपासच्या रकमेत पैसे राहोत, प्रत्येक रुपयाही नोंदवता येत नाही. म्हणून सर्व रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवाव्यात, हा सल्ला योग्यच असतो. पण त्यासाठी ३२ बिटांचा इंट घेतला, तर २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे ही त्याची अखेरची रक्कम ठरते, आणि मध्यम आकाराच्या सहकारी पतसंस्थेच्याही एकूण ठेवी यापलीकडे सहज जातात. शिवाय व्याज काढताना मुद्दलाला दराने आधी गुणायचे असल्यामुळे मधली पायरी रकमेच्या कितीतरी पट मोठी होते. येथे ६४ बिटांचा पूर्णांक घेऊन, गुणाकार आधी आणि भागाकार शेवटी ठेवून, उरलेल्या पैशाचे काय करायचे याचा नियम स्वतः लिहावा लागतो. प्रकाराची निवड, क्रियांचा क्रम आणि पूर्णांक करण्याचा नियम हे तीनही निर्णय एकाच ओळीत एकत्र येतात, ते असे.

सी भाषेने हे ओझे प्रोग्रामरवर का ठेवले, याचे उत्तर तिच्या उद्देशात आहे. युनिक्ससारखी प्रणाली लिहिण्यासाठी जी भाषा तयार झाली, तिच्यात प्रत्येक बेरजेमागे मर्यादेची तपासणी घालणे म्हणजे यंत्राचा वेग खर्ची टाकणे होते. प्रोग्रामरवर विश्वास ठेवावा, हे सूत्र प्रमाणक समितीनेही आपल्या भूमिकेत नोंदवले आहे. नंतरच्या भाषांनी वेगळे पर्याय निवडले. जावाने प्रत्येक प्रकाराचा आकार आणि ओव्हरफ्लोचे वर्तन पक्के केले. पायथॉनने पूर्णांकांना लागेल तेवढी जागा देण्याची व्यवस्था केली आणि त्याची किंमत वेगात मोजली. पण पायथॉनची सर्वाधिक वापरली जाणारी आवृत्ती स्वतः सी भाषेत लिहिलेली आहे, आणि तिचे दशांश अपूर्णांक सी भाषेतील डबलच आहेत, त्यामुळे तेथेही ०.१ चा प्रश्न जसाच्या तसा राहतो. सी भाषेतील अंकगणिताचा अभ्यास म्हणूनच एका भाषेपुरता उरत नाही. मर्यादित बिटांत संख्या ठेवणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो लागू पडतो.

पुढील विवेचन वाचताना प्रत्येक क्रियाचिन्हापाशी थांबून तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतल्यास बराच लाभ होईल: या क्रियेच्या दोन्ही पदांचे प्रकार रूपांतरानंतर कोणते झाले, उत्तर त्या प्रकारात प्रत्येक संभाव्य मूल्यासाठी मावते का, आणि साठवताना त्यातून काय गळते. ८ / १०० * ५०००० या ओळीला पहिला प्रश्न विचारला, की शून्याचे कारण कळते. ३०० * २०० ला दुसरा विचारला, की उणे ५,५३६ चे. आणि ४४ चे कारण तिसरा प्रश्न सांगतो. कंपाइलर यांपैकी काही ठिकाणी इशारा देतो, बहुतेक ठिकाणी देत नाही, आणि चाचणीसाठी निवडलेले लहान आकडे तर या चुका झाकूनच ठेवतात. त्यामुळे प्रोग्राम चालवून उत्तर बरोबर आले, एवढ्याने पदावली बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. ती कोणत्या मर्यादेपर्यंत बरोबर आहे, हे लिहिणाऱ्याला कागदावर मांडून सांगता आले पाहिजे.